दोन साडेअकरा

आष्टीच्या शिवारातल्या एका संत्र्याच्या बागेत मी तापमान टिपणारी पेटी बसवली आहे. आत तळहातावर मावणारा रास्पबेरी पाय बोर्ड, त्यावर लिनक्स, दर दहा मिनिटांनी एक नोंद. एप्रिलात आंबिया बहाराची फळं लहान असतात, ऊन तापलं की गळतात. म्हणून बागवाले काका नोंदी रोज बघतात. एकदा त्यांनी कागद पुढे केला.

"काहून जी भाऊ, रातच्या साडेअकराले अडतीस डिग्री?"

त्याच्याच वर, त्याच तारखेची, साडेअकराचीच दुसरी नोंद होती: सत्तावीस.

घरच्या संगणकात वीज गेली तरी बटन सेलवर चालणारं घड्याळ असतं. या बोर्डात ते नाही. काहीच सोय केली नाही, तर लिनक्सची गणती १ जानेवारी १९७० पासून, आपल्याकडच्या पहाटे साडेपाचपासून सुरू होते. ते टळावं म्हणून एक छोटा प्रोग्राम दर तासाला वेळ फाइलीत लिहून ठेवतो आणि बोर्ड उठला की तिथून पुढे मोजतो. त्या रात्री फाइलीत सव्वाअकरा होते. पावणेबाराला लाइन गेली, ती दुसऱ्या दिवशी एकला आली. मोबाइलला रेंज नव्हती, त्यामुळे बाहेरून वेळ मिळाली नाही. भर दुपारचं ऊन बोर्डाने रात्रीच्या खात्यावर मांडलं.

१९७० साल दिसलं असतं तर मी तेव्हाच सावध झालो असतो. खरी वाटणारी चुकीची वेळ मात्र गुपचूप नोंदींत मिसळते.

मग मी डीएस३२३१ ही घड्याळाची चिप चार तारांनी जोडली. अशा घड्याळांतला क्वार्ट्झ सेकंदाला ३२,७६८ वेळा कंपतो. ही संख्या पंधरा वेळा निम्मी केली की बरोबर एक उरतो, तोच सेकंद. पण मला त्याहून भावतो तो तिच्यातला एक बिट. सेल संपून मोजणी थांबली, तर तो १ होतो आणि आपण पुसेपर्यंत तसाच राहतो. मध्ये मी थांबले होते, अशी ती कबुलीच.

तीच सवय मी प्रोग्रामला लावली. आता प्रत्येक नोंदीत बोर्ड कितव्यांदा सुरू झाला आणि त्यानंतर किती सेकंद गेले, हेही असतं. ते सेकंद कधी मागे जात नाहीत. वेळेची खात्री नसेल, तर तारखेची जागा कोरी ठेवायची. रेंज आली, दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेकडून वेळ मिळाली, की सेकंद उलटे मोजत कोऱ्या जागा भरतात. त्याआधीच लाइन पुन्हा गेली, तर त्या ओळी कोऱ्याच राहतात.

अशा दोन मोजण्या गावाच्या आठवणीतही आहेत: आष्टीत १९४२च्या उठावाचा दिवस नागपंचमीचा म्हणून सांगतात आणि १६ ऑगस्टचा म्हणूनही. तिथी आणि तारीख, दोन्ही मोजण्या एकाच दिवसावर येतात, म्हणून तो दिवस जागचा हलत नाही.

परवा काकांनी एका कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. "इथं काहून काही नाही?"

"वेळ नक्की नव्हती, काका."

"मंग बरोबर हाय," ते म्हणाले, आणि खालच्या ओळी वाचू लागले.