पहिली चूक आधी

तपासनीस कोणासच प्रिय नसतो. तीस वर्षे लाल शाई बाळगल्यावर ही गोष्ट आम्हांस चांगलीच ठाऊक झाली आहे. तथापि अलीकडे ज्याचा स्वभाव आम्हांस मनापासून आवडला, असा एक तपासनीस भेटला. तो रागावत नाही, गुण कापीत नाही, आणि शंभर वेळा विचारले तरी कंटाळत नाही. त्याचे नाव व्हॅलिडेटर. संकेतस्थळाची पाने एचटीएमएल नामक ज्या खुणांच्या भाषेत लिहितात, त्या भाषेचे शुद्धलेखन तो तपासतो. १९९१ साली जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी जगातील पहिले संकेतस्थळ सुरू केले. पुढे १९९४ साली त्यांनी वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम ही संस्था स्थापिली. तिनेच हा तपासनीस सर्वांस विनामूल्य उपलब्ध करून दिला आहे.

या भाषेचे व्याकरण तसे सोपे आहे. मजकुराच्या आधी एक खूण उघडावयाची, मजकूर संपला की बहुधा ती मिटावयाची. डब्यात डबा ठेवावा तशी आतली खूण आधी मिटली पाहिजे, बाहेरची मागाहून. पान दाखविणारा ब्राउझर मात्र लेकुरवाळ्या आजीसारखा असतो. बोबडे बोलही तो समजून घेतो आणि पान कसेबसे दाखवितो. त्यामुळे नवशिक्यास वाटते, दिसते आहे म्हणजे शुद्धच आहे.

आमच्या इंदुरातील शेजारची एक अकरावीतली मुलगी अशाच समजुतीत होती. हे घराणे चार पिढ्यांपासून येथे स्थायिक आहे. शाळेत हिंदी, घरी मराठी, हा आपल्यापैकी बहुतेकांचा परिपाठ तिचाही आहे. आजोबांच्या कपाटांतील मराठी पुस्तकांची यादी तिने आपल्या पहिल्या संकेतस्थळावर मांडली. आजोबांची दृष्टी गेली आहे. फोन वाचून दाखवितो तेच त्यांचे वाचन. पान तपासास दिले, तो तेवीस चुका! बिचारीचे डोळे भरून आले. "सर, सगळे पुसून पुन्हा लिहू का?"

आम्ही म्हटले, "पुसू नकोस. खालचे सोड, फक्त पहिली चूक वाच."

पहिली चूक नवव्या ओळीत होती. छायाचित्राच्या नावापुढचे मिटते अवतरणचिन्ह राहून गेले होते. त्यामुळे पुढचे अवतरणचिन्ह येईपर्यंतचा सारा मजकूर यंत्राने छायाचित्राचे नावच समजून घेतला. मराठीत विरामचिन्हे रूढ करण्याचे श्रेय मेजर थॉमस कँडी यांना देतात. त्या चिन्हांची किंमत आम्ही वर्गात जन्मभर सांगत आलो, पण इतका रोकडा पुरावा कधी मिळाला नव्हता. ते एक चिन्ह घातले आणि तेवीसांच्या चौदा झाल्या. म्हणून नियम हाच: वरून पहिली चूक सुधारावी, पुन्हा तपासावे, मगच पुढे जावे.

उरलेल्यांत बहुतेक साध्या होत्या. जुन्या पुस्तकातून उचललेली, आता बाद झालेली 'सेंटर' ही खूण काढली. दोन कपाटांना एकच ओळखनाव दिले होते. दुसऱ्या कपाटाचा दुवा दाबला तरी पहिलेच कपाट पुढे येई. तेही वेगळे केले. छायाचित्रांना 'ऑल्ट' म्हणजे शब्दांतले वर्णन नव्हते. तिने सर्वत्र 'चित्र' एवढेच लिहिले, आणि व्हॅलिडेटर तेवढ्याने समाधान पावला! पण आजोबांस त्यातून काय कळणार? मग तिने लिहिले, "काचेच्या दारांचे कपाट, वरच्या कप्प्यात कादंबऱ्या."

पानाच्या आरंभी भाषेची खूण असते. तयार नमुन्यातून ती 'ईएन', म्हणजे इंग्रजी, अशी आली होती. व्याकरणदृष्ट्या ती वैधच. "सर, हिंदीची घातली तर? लिपी एकच ना?" लिपी एक, पण उच्चार एक नव्हेत. 'चमचा' आणि 'चिमटा' यांतील 'च' निराळे आहेत, आणि कोणत्या भाषेचा आवाज लावावा हे वाचून दाखविणारे यंत्र याच खुणेवरून ठरवू शकते. काही टंकांत 'ल' आणि 'श' यांची मराठी वळणेही तिच्यावरच अवलंबून असतात. तिने 'एमआर' ही दोन अक्षरे घातली. परप्रांतात वाढणाऱ्या मुलीने आपली भाषा कोणती हे असे स्वहस्ते नोंदविलेले पाहून आम्हांस समाधान वाटले.

अखेर एकही चूक उरली नाही, असा हिरवा शेरा आला. संध्याकाळी आजोबांनी यादी ऐकली. सातव्या नावाशी त्यांनी हात वर केला.

"थांब गं. हे पुस्तक त्यांचे नव्हे, त्यांच्या थोरल्या भावाचे. कपाट उघडून बघ."

ती उठली आणि किल्ली आणावयास गेली.