फटक्यांच्या चौकात ढोलांची शाळा

ब्राझीलमधील बाहिया राज्याची राजधानी साल्व्हादोर. समुद्रकाठचे हे शहर वर आणि खाली अशा दोन भागांत वसले आहे. बंदराकडून वर जाण्यासाठी ७२ मीटर उंचीची लासेर्दा लिफ्ट आहे. ती १८७३ साली सुरू झाली. आम्ही तिने वर गेलो आणि दगडी फरसबंदीच्या गल्ल्यांतून पायी पेलोरिन्यो चौक गाठला.

१८७३ हे साल वाचकांच्या ओळखीचे आहे. महात्मा फुले यांनी 'गुलामगिरी' त्याच वर्षी प्रसिद्ध केली आणि गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना ती अर्पण केली. ब्राझीलमध्ये मात्र तेव्हा गुलामी कायदेशीर होती. ती १३ मे १८८८ रोजी संपली.

पेलोरिन्यो म्हणजे शिक्षेचा खांब. आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांना त्याला बांधून भर चौकात फटके मारीत. खांब गेला, नाव राहिले. चौकाच्या उतारावर निळ्या रंगाचे एक चर्च आहे. गोऱ्यांच्या चर्चमध्ये मान नव्हता, म्हणून काळ्या लोकांनी आपला संघ काढून ते अठराव्या शतकात स्वतःच्या श्रमाने बांधले. ते पाहताना आम्ही बराच वेळ तेथेच उभे राहिलो.

कायदा झाला, पण जमीन मिळाली नाही, शिक्षण मिळाले नाही. आफ्रिकी धर्माच्या पूजेत ढोल वाजवायचा तर १९७६ पर्यंत बाहियात पोलिसांची परवानगी काढावी लागे! या परिस्थितीत काळ्या तरुणांनी कार्निव्हलसाठी आपली पथके उभारली. १९७४ साली 'इले आइये' निघाले आणि २५ एप्रिल १९७९ रोजी पेलोरिन्योत 'ओलोदुम'. ही वस्ती तेव्हा पडक्या घरांची आणि बदनाम होती. तेथील मुलांकडे लोक संशयाने पाहत. ओलोदुमने १९८४ पासून याच मुलांच्या हाती ढोल दिले.

शिकवण्याची रीत समजून घेण्यासारखी आहे. मोठे ढोल वेगवेगळ्या स्वरांचे असतात. प्रत्येक मुलाकडे तालाचा एकच तुकडा असतो. एकट्याने कितीही जोरात वाजवले तरी ताल पुरा होत नाही. शेजाऱ्याचे ऐकावेच लागते. लहान ढोल बारीक लवचिक काड्यांनी वाजवतात, ते मोठ्या ढोलांच्या मधल्या जागा भरतात. ही साम्बा-रेगे पद्धत नेगिन्यो दो साम्बा या वादकाने घडवली. पुढे १९९३ साली त्यांनी स्त्रियांसाठी 'दिदा' हे पथक काढले. त्यापूर्वी ढोल हे पुरुषांचेच काम समजले जाई.

वादनाबरोबर नृत्य, गायन आणि आपला इतिहासही शिकवला गेला. १९८७ च्या कार्निव्हलचा विषय होता प्राचीन मिसर. शाळेच्या पुस्तकात आपले पूर्वज फक्त गुलाम म्हणून वाचलेल्या मुलांनी रस्त्यावर राजांची गाणी गायली. १९९० साली नाट्यपथकही उभे राहिले. ब्राझीलचे नामवंत अभिनेते लाझारो रामोस त्याच पथकातून पुढे आले.

ओलोदुमचे ढोल १९९० साली पॉल सायमन यांच्या आणि १९९६ साली मायकेल जॅक्सन यांच्या गाण्यातून जगाने ऐकले. पण याच काळात दुसरेही घडले. १९९२ पासून सरकारने जुन्या इमारती दुरुस्त केल्या, रंगवल्या. दुकाने व हॉटेले आली, आणि हजारो गरीब रहिवासी थोडी भरपाई घेऊन बाहेर गेले. ज्यांच्या पोरांनी चौकाला नाव मिळवून दिले, त्यांनाच त्या चौकात घर उरले नाही. रंगीत भिंतींचे फोटो काढताना पाहुण्यांनी हे विसरू नये.

आपल्या गावगाड्यातही वाद्य वाजवणे हा जातीचा हुकूम होता. मान मात्र नव्हता. भीमराव कर्डकांच्या जलशांनी तीच कला जागृतीच्या कामी लावली आणि निरक्षर माणसाला गाण्यातून विचार दिला. पेलोरिन्योची रीत याहून वेगळी नाही. वाद्य तेच, पण ते कोणाच्या हुकमाने वाजते यावर सारे अवलंबून आहे.

आई-बापहो, मुलगी किंवा मुलगा ढोलकी मागेल तर जरूर घेऊन द्या. पण सोबत पुस्तकही द्या. पेलोरिन्योच्या मुलांना दोन्ही मिळाले, म्हणून ती उभी राहिली.