शेजाऱ्यांच्या उपासनेला

रत्नागिरी पाहायला येणारा पाहुणा लोकमान्यांचे जन्मस्थान पाहतो, थिबा राजवाडा पाहतो, मांडवीच्या किनाऱ्यावर संध्याकाळ घालवतो आणि आंब्याची पेटी घेऊन परत जातो. पण प्रार्थनास्थळांच्या बाबतीतही या शहराला मोठा इतिहास आहे. १९३१ साली भागोजीशेठ कीर यांनी सर्व जातींना खुले असे पतितपावन मंदिर येथे बांधले. नाशिकला काळाराम मंदिराच्या दारात आपली माणसे सत्याग्रह करीत होती, त्याच काळातली ही गोष्ट. त्याच्याही आधी ब्रह्मदेशचा बौद्ध राजा थिबा १८८६ पासून १९१६ साली मरेपर्यंत तीस वर्षे इंग्रजांचा कैदी म्हणून याच गावात राहिला. तेव्हा कोणत्या दारातून कोणी आत जायचे, हा प्रश्न रत्नागिरीला नवीन नाही.

ख्रिस्ती लोकांचे चर्च मात्र आपल्यापैकी बहुतेकांनी बाहेरूनच पाहिलेले असते. नाताळला टांगलेली चांदणी दिसते, रविवारी घंटा ऐकू येते, एवढाच संबंध. आम्हीही वीस वर्षे या शहरात नोकरी करतो, पण आत पाऊल टाकण्याचा प्रसंग आला नव्हता. आमच्या कचेरीतील एक ख्रिस्ती सहकारी बुद्धजयंतीला न चुकता विहारात येतात आणि खीर खाऊन जातात. या वर्षी ते म्हणाले, "भाऊ, आता एक रविवार तुम्ही आमच्याकडे या. वहिनींना आणि मुलीलाही आणा."

घरी चर्चा झाली. मुलीने विचारले, "पप्पा, आपण बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसे. मग तिथे जाऊन हात जोडायचे का?" प्रश्न रास्त होता. आम्ही सांगितले की सगळे उभे राहतील तेव्हा आपणही उभे राहू, कारण तो सभ्यपणा आहे. पण जे मनात नाही ते तोंडाने म्हणायचे नाही. आपल्या विहारात आलेल्या पाहुण्याकडूनही आपण याहून जास्त अपेक्षा करीत नाही.

चर्चची इमारत साधीच आहे. उतरते कौलारू छप्पर, भिंतीला चुना, पुढे लाकडी क्रूस. मूर्ती नाही, तसबीर नाही, नारळ-उदबत्ती नाही. चपला काढायच्या की नाही म्हणून आम्ही दारात थबकलो, तेव्हा एक म्हातारे गृहस्थ "जय ख्रिस्त" म्हणत पुढे आले. आम्ही "जय भीम" म्हटले. ते हसले आणि त्यांनीही "जय भीम" म्हटले. मग हाताला धरून मधल्या बाकावर नेऊन बसवले. चपला पायातच राहिल्या.

उपासना संपूर्ण मराठीत होती. आमची समजूत होती की इंग्रजीत काहीतरी चालत असेल. तसे काही नाही. पेटी आणि तबला वाजू लागला, गीताचा क्रमांक सांगितला गेला आणि सगळी मंडळी पुस्तक उघडून गाऊ लागली. चाल ऐकली तर थेट अभंगाची! सहकाऱ्यांनी हळूच सांगितले की हे गीत रेव्हरंड टिळकांचे. नारायण वामन टिळक हे रत्नागिरी जिल्ह्यातल्याच करजगावचे. १८९५ साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि पुढे १९१९ पर्यंत ख्रिस्ती समाजासाठी मराठी वळणाची भजने लिहिली. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले सोवळे-ओवळे कसे हळूहळू सुटत गेले, ते 'स्मृतिचित्रे' या पुस्तकात मोकळेपणाने सांगितले आहे. आपल्या भगिनींनी ते पुस्तक जरूर वाचावे.

नंतर दहावीतली एक मुलगी पुढे आली आणि तिने नव्या करारातील योहानाचा चौथा अध्याय वाचला. त्यावरच पाळकसाहेबांचा उपदेश झाला. गोष्ट अशी आहे. येशू प्रवासात दमून एका विहिरीवर बसतो. शोमरोनी जातीची एक बाई पाणी भरायला येते. यहूदी लोक शोमरोन्यांना हलके मानीत, त्यांच्याशी व्यवहार ठेवीत नसत. येशू तिच्याकडे प्यायला पाणी मागतो. तिलाच आश्चर्य वाटते, की हा यहूदी असून माझ्या हातचे पाणी कसे मागतो?

हे ऐकताना आमच्या डोळ्यांसमोर दुसरेच पाणी आले. २० मार्च १९२७. महाडचे चवदार तळे. बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतले आणि मागोमाग हजारो माणसांनी घेतले. आमचे आजोबा त्या गोष्टी सांगत. आम्ही पत्नीकडे पाहिले. तिच्याही मनात तेच होते. दोन हजार वर्षांपूर्वीची परदेशातली विहीर आणि आपल्या कोकणातले तळे, दोन्हीकडे प्रश्न एकच, पाणी कोणाच्या हातचे?

पुढे दानाची पिशवी फिरली. मग सूचना झाल्या, त्यात मागच्या रविवारी दान किती जमले, विजेचे बिल किती भरले, एका आजारी कुटुंबाला मदत किती दिली, हे सगळे भर सभेत वाचून दाखवले. हिशेबाच्या कामात जन्म गेलेल्या माणसाचे कान अशा वेळी आपोआप टवकारतात. जमाखर्च दर आठवड्याला वाचला जातो, म्हणून कुजबुजीला जागा राहत नाही.

उपासना संपल्यावर अंगणात चहा झाला. तेथे आम्ही त्या म्हाताऱ्या गृहस्थांना सरळच विचारले, "काका, तुमच्यात जात राहिली आहे का?" ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "बाकावर बसताना कोणी विचारत नाही. सोयरीक करताना अजून विचारतात." त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत, याचा आम्हाला आदर वाटला. बाबासाहेबांनी मिशनऱ्यांच्या शिक्षणाच्या आणि दवाखान्यांच्या कामाची कदर केली होती. पण ख्रिस्ती झाल्यावरही जात सुटत नाही, हेही त्यांनी परखडपणे लिहून ठेवले. महाराष्ट्र शासनाने १९८९ साली प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या इंग्रजी ग्रंथांच्या पाचव्या खंडात ते लेखन आहे. मात्र ते वाचून दुसऱ्याकडे बोट दाखवण्याआधी आपल्यातली लग्ने जमवताना पोटजात कोण कोण विचारतो, तेही आठवावे.

मिशनचे कोकणाशी नाते जुने आहे. १८२३ साली स्कॉटिश मिशनरी बाणकोटला उतरले. बाणकोट मंडणगड तालुक्यात, आणि बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवेही त्याच तालुक्यात. १८७० च्या दशकात अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशन रत्नागिरीत आले. त्याच मिशनच्या डॉक्टर वॉन्लेस यांनी मिरजेला उभारलेल्या दवाखान्यात आपल्याकडची किती माणसे औषधपाण्यासाठी गेली असतील! महात्मा फुले पुण्याला स्कॉटिश मिशनच्या शाळेतच शिकले. हे ऋण नाकारण्याचे कारण नाही.

काकांनी आणखी एक गोष्ट सांगितली. त्यांचे आजोबा महारवाड्यातलेच. नातू शिकतो आहे, पण अनुसूचित जातीचा दाखला मिळत नाही. ही अडचण आपल्याला नवीन नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने हा दर्जा हिंदूंपुरता ठेवला, १९५६ मध्ये शिखांना दिला आणि आपल्याला तो केंद्रात मिळायला १९९० साल उजाडले. धम्मदीक्षेनंतर तब्बल चौतीस वर्षे! त्या काळात ज्या घरांतून दाखल्यासाठी हेलपाटे घातले गेले, त्या घरांना काकांचे दुःख समजावून सांगावे लागणार नाही. १९९० च्या दुरुस्तीत ख्रिस्ती बांधव मागे राहिले. २०२२ साली केंद्र सरकारने या प्रश्नावर माजी सरन्यायाधीश बालकृष्णन यांचा आयोग नेमला. आपल्या वाट्याचे कमी होईल अशी भीती काहीजण बोलून दाखवतात. तिचा विचार जरूर व्हावा, पण तो आकडे पुढे ठेवून व्हावा. एकाच वाड्यातून निघालेल्या दोन वाटांनी एकमेकींना परके मानू नये.

आमची श्रद्धा जिथे होती तिथेच आहे. देव आणि आत्मा यांविषयी पाळकसाहेब जे बोलले ते आम्हाला पटले नाही, पटण्याचे कारणही नव्हते. पण तीन गोष्टी मनात घेऊन आम्ही आलो. ठरलेल्या वेळी घंटा होते आणि माणसे वेळेवर येतात. मुलींना पुढे बोलावून वाचायला लावतात. जमाखर्च सर्वांसमोर वाचतात. आपल्याकडे १४ एप्रिलला विहार ओसंडून वाहतो आणि एरवी रविवारच्या वंदनेला पाच-सहा डोकी असतात. त्या पाच-सहा जणांत आपल्या घरचे कोणी आहे का, हे प्रत्येकाने पाहावे.

आमच्या मुलीने पुढच्या रविवारी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथातील एक प्रकरण विहारात वाचायचे कबूल केले आहे. विहाराचा तीन महिन्यांचा जमाखर्च आम्ही लिहून काढतो आहोत. तोही त्याच दिवशी वाचला जाईल. वंदना सकाळी नऊला आहे. सर्वांनी मुलाबाळांसह वेळेवर यावे.