मारुतीचा हिशेब

आमच्या घरात गाडी आली ती शौकापायी नव्हे. अम्मीचं डायलिसिस सुरू झालं आणि खेड तालुक्यातल्या आमच्या गावाहून आठवड्यातून दोनदा चिपळूण गाठणं आलं. भाड्याच्या गाडीला एका फेरीचे दीड हजार, म्हणजे महिन्याचे बारा हजार. म्हणून २०१६ साली आम्ही भावंडांनी मिळून २००४ च्या मॉडेलची मारुती ८०० घेतली, ४५ हजारांत.

डिसेंबर १९८३ मध्ये ही गाडी पहिल्यांदा रस्त्यावर आली तेव्हा ती मध्यमवर्गाचं स्वप्न होती. जानेवारी २०१४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. आमच्या वाट्याला ती तिच्या म्हातारपणी आली.

जाताना त्रास नसे. परतताना परशुराम घाटाची चढण लागली की तापमानाचा काटा वर सरके आणि मागच्या सीटवर थकून पडलेली अम्मी विचारी, "थांबली का रे?" रेडिएटर चोंदला की पाणी फिरत नाही, एंजिन तापतं, अॅल्युमिनियमचं हेड वाकतं, गॅस्केट जातं आणि पाणी ऑइलमध्ये उतरतं. मिस्त्रीने डिपस्टिक काढून दाखवली, तर ऑइल दुधाळ चहासारखं झालेलं! हेडला फेसिंग, नवं गॅस्केट, रेडिएटर आणि मजुरी मिळून १४ हजार. पुढे क्लच गेला, मग सस्पेन्शन. तीन वर्षांत दुरुस्ती ५२ हजारांवर गेली.

लोक म्हणत, भंगारात घाला. पण भाड्याचा हिशेब मांडला की मारुतीच परवडे. नव्या गाडीला बँक हप्ते बांधून देते. जुन्या गाडीचा मिस्त्री रोख मागतो, तेही नेमके हात रिकामे असताना. गरिबाला स्वस्त वस्तू अशी महाग पडते.

हेडचं काम निघालं तो जून महिना होता. धाकटीच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी साठवलेले पैसे त्यात गेले आणि तिचं एक वर्षही. मिस्त्रीच्या पावतीवर गॅस्केट, फेसिंग, मजुरी सगळं होतं. ते वर्ष नव्हतं.

२०१९ मध्ये १५ वर्षं भरली, तेव्हा नोंदणीचं नूतनीकरण ६०० रुपयांत झालं. १ एप्रिल २०२२ पासून तीच फी ५ हजार झाली. पर्यावरण कर वेगळा. २०२४ मध्ये पुन्हा मुदत संपली, तेव्हा आम्ही गाडी विकायच्या विचारात होतो. धाकटी आता नोकरीला लागली आहे. कुणाला न विचारता तिने आपल्या पगारातून पैसे भरले आणि पावती अम्मीच्या औषधांच्या फायलीत लावून ठेवली.