पावणेसात इंचांची हरिकेन

अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलेल्या आणि समुद्रापासून जितक्या दूर तितक्याच रणभूमीपासूनही अलिप्त राहिलेल्या बुलढाण्यासारख्या गावी, दुसऱ्या महायुद्धातील लढाऊ विमानाची प्रतिकृती जुळवीत बसणे हा उद्योग आप्तेष्टांच्या लेखी निव्वळ रिकामटेकडेपणाचा असला, तरी ज्याची उमेदीची वर्षे मोजणी खात्याच्या दफ्तरात नकाशे चाळण्यात गेली, त्याला त्यात काडीचेही परकेपण वाटत नाही. एकास बहात्तर या प्रमाणाने चाळीस फुटांचा पंखविस्तार पावणेसात इंचांच्या आत मावतो, आणि शेताचा बांध नकाशावर रेघ होऊन उतरावा, तसा सहा फुटी वैमानिक इंचभर होऊन आपल्या आसनावर बसतो.

स्पिटफायरच्या डौलदार पंखांवर साऱ्या जगाने जीव ओवाळून टाकला आहे. माझे मन मात्र तिच्या थोरल्या, काहीशा ओबडधोबड बहिणीवर, हॉकर हरिकेनवर बसले. ६ नोव्हेंबर १९३५ रोजी प्रथम आकाशात झेपावलेले हे विमान दोन युगांच्या उंबरठ्यावरचे होते. नाकाशी बारा सिलिंडरांचे मर्लिन इंजिन आणि त्यावर धातूचे कवच. परंतु वैमानिकाच्या पाठीमागे पाहावे तो नळ्यांच्या सांगाड्यावर लाकडी पट्ट्या आणि त्यांवर ताणून बसविलेले, लुकणाचे हात देऊन ढोलासारखे घट्ट केलेले लिननचे कापड! हे लिनन म्हणजे जवसाच्या देठातील तंतूंचे वस्त्र. आमच्या वऱ्हाडी शेतकऱ्याने जवस पेरला तो तेलासाठी आणि चटणीसाठी. त्याच कुळीच्या रोपाचे युरोपातील उंच वाण धाग्यासाठी वाढविले जाते आणि त्याचे कापड तोफगोळ्यांच्या वर्षावात उडत होते, हे कळल्यापासून जेवताना ताटातील चटणीकडे मी किंचित आदराने पाहू लागलो आहे.

प्रतिकृतीत हेच कापड सर्वांत नाजूक ठरते. पट्ट्यांच्या मधोमध ते केसभर खाली झुकलेले साच्यातच दाखविलेले असते. धडाची दोन अर्धी चिकटविल्यावर पाठीवर राहिलेली सांध्याची रेघ बुजविण्यासाठी लांबी भरावी लागते, आणि ती वाळल्यावर पॉलिश पेपर ओला करून घासावी लागते. परंतु हात जरा जड पडला की त्या पट्ट्यांचे उंचवटे झिजतात आणि कापडाचे पत्र्यात रूपांतर होते. म्हणून तेथे पेपराची सुपारीएवढी घडी करावी, ती पट्ट्यांच्या दिशेनेच फिरवावी आणि डोळ्यांपेक्षा बोटाच्या अग्राची साक्ष अधिक ग्राह्य मानावी.

रंगाचे प्रकरण इतिहासाच्या अधीन आहे. वरून गडद हिरवा आणि मातकट तपकिरी, पोटाला करडा. इथवर हरकत नाही. परंतु ब्रिटिश विमानांवरील वर्तुळचिन्हाच्या मध्यभागी जो तांबडा ठिपका असे, तो पूर्वेच्या आघाडीवर काढून टाकण्याचा हुकूम निघाला. कारण जपानी विमानावरचा लाल सूर्य आणि हा ठिपका यांत घाईगर्दीत गफलत होऊन आपल्याच तोफा आपल्याच विमानावर चालण्याचे भय होते. तेव्हा १९४४ साली इंफाळच्या वेढ्यात अर्जनसिंग भारतीय हवाई दलाच्या ज्या पहिल्या स्क्वाड्रनचे नेतृत्व करीत होते, तिच्या हरिकेनवर गडद आणि फिकट अशी दोन निळी वर्तुळेच शोभतात. परिचितांतील एका गृहस्थांनी ‘तुमच्या विमानाचे कुंकू पुसले गेले’ असा शेरा मारला, तेव्हा हा सारा तपशील त्यांना चहाच्या दुसऱ्या पेल्यापर्यंत ऐकावा लागला.

अखेरचा हात वार्निशचा. तो या गावी आषाढ-श्रावणात देऊ नये. डोंगरावरचे धुके खिडकीतून आत येते आणि हवेतील ओल शोषून वार्निशवर दुधासारखी साय धरते. दसऱ्यानंतरची कोरडी हवा उत्तम. मग एक्झॉस्टच्या नळ्यांपासून मागे जाणारी काजळी, चाकांवरचा चिखल, तोफांच्या तोंडाशी धुराचा डाग ही मळवण्याची कामे यावीत. काही कारागीर येथे इतके वाहवत जातात की विमान वीस वर्षे भंगारात पडल्यासारखे दिसते. मला ही अतिशयोक्ती मानवत नाही. युद्धातले विमान मळत असे खरे, परंतु त्याला रोज पुसणारे, तेल घालणारे, टाके घालणारे हातही होते. १९३३ साली भारतीय हवाई दलाची पहिली तुकडी उभी राहिली, तीच मुळी सहा अधिकारी आणि एकोणीस हवाई शिपाई एवढ्या सामग्रीवर. अधिकाऱ्यांची नावे ग्रंथांतरी सापडतात. त्या एकोणिसांची मी कोठेही वाचलेली नाहीत. गोळीने कापडाला भोक पडले की त्यावर ठिगळ चिकटवून लुकणाचा हात फिरविणे हे अशाच हातांचे काम.

म्हणून शेपटीजवळ डाव्या अंगाला, मूळ हिरव्याहून छटाभर ताज्या हिरव्या रंगाचे एक चौकोनी ठिगळ मी रंगविले आहे. ते किंचित तिरपे आहे. घरच्या मंडळींना तो माझ्या थरथरत्या हाताचा पुरावा वाटतो. मी त्यांना सांगतो की शिपाई घाईत होता, विमान पुन्हा उडायचे होते.