उभ्या गाडीचे इंधन

जबलपूरच्या अधारतालमध्ये माझे डिझेल पंप आणि नोझल दुरुस्तीचे गॅरेज आहे. जवळच जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालय, आणि याच शहरात लष्करी ट्रक बनवणारी व्हेइकल फॅक्टरी. त्यामुळे बियांचे तेल आणि ट्रकचे इंजिन, दोन्ही विषय आमच्याकडे निघतात. बायोडिझेलने इंजिन खराब होते का, हा प्रश्न गिऱ्हाईकही विचारते आणि आपल्या शाळेत शिकणारा माझा मुलगाही.

वनस्पती तेलावर इंजिन चालवणे नवे नाही. १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात एक डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालले होते. पण कच्चे तेल दाट असते, नोझलमधून नीट फवारत नाही. मेथॅनॉलशी प्रक्रिया करून ग्लिसरीन वेगळे काढले की ते पातळ होते; तेच बायोडिझेल. आपल्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने (२०१८) २०३० पर्यंत डिझेलमध्ये ५ टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट ठेवले आहे.

एवढ्या मिश्रणाने इंजिनाला धोका नाही. उलट पंपाला वंगण मिळते. प्रमाण २० टक्के किंवा जास्त झाले की काळजी घ्यावी लागते. बायोडिझेल जुन्या टाकीतला गाळ सुटा करते, फिल्टर चोक होतो आणि गाडी चढावर दम सोडते. टाकी साफ करून फिल्टर बदलला की काम भागते. जुने रबरी पाइप आणि सील मात्र फुगतात, मऊ पडतात. ते बदलावेच लागतात.

खरी परीक्षा गाडी उभी राहिल्यावर होते. मागच्या वर्षी पावसाळाभर बंद असलेला एक जनरेटर माझ्याकडे आला. टाकीत पाणी, तळाशी शेवाळासारखा चिकट थर, नोझलची सुई अडकलेली. त्याच मालकाचा ट्रक त्याच पिंपातल्या मिश्रणावर रोज धावत होता, तो ठणठणीत! बायोडिझेल ओलावा धरते, हवेने त्याची आम्लता वाढते आणि पाण्यात जंतू वाढतात. कडाक्याच्या थंडीत ते साध्या डिझेलच्या आधी गोठू लागते.

कॅडेट मित्रांनो, सैन्याची राखीव गाडी महिनोन्महिने उभी असते आणि हुकूम येताच पहिल्या किल्लीला सुरू व्हावी लागते. म्हणून गाडी ताब्यात घ्याल तेव्हा टाकीत कोणते मिश्रण आहे आणि ते कधी भरले, हे आधी विचारा. टाकी भरलेली ठेवा, तळाचे पाणी काढत राहा आणि इंधन भरल्याची तारीख लॉगबुकात लिहा.