पेटीतला समुद्र

सूरह रहमान पाठ करताना माझ्या लेकीने एकदा विचारले होते, "अम्मी, मरजान म्हणजे नेमके काय?" उर्दूच्या तासाला सांगते तेच मी सांगितले. मरजान म्हणजे मूंगा, मराठीत पोवळे किंवा प्रवाळ. दादीच्या अंगठीतला लाल खडाही दाखवला. विषय तिथेच संपला असे मला वाटले. पुढे मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयात तिने केशरी-पांढऱ्या पट्ट्यांचे क्लाउनफिश पाहिले आणि तिच्या डोक्यात समुद्र शिरला. दहावीची परीक्षा संपताच मागणी आली, "अम्मी, मला घरी समुद्राची टाकी करायची आहे. मरजानसकट!"

आमचे विंचूर कांद्याचे आणि द्राक्षांचे गाव. समुद्र घाटाच्या पलीकडे. पण मी लगेच हो म्हटले नाही, त्याचे कारण वेगळे होते.

तीन वर्षांपूर्वी आम्ही गोड्या पाण्यातले चार गोल्डफिश आणले होते. महिन्याभराने फिल्टरचा स्पंज काळा पडला. मी तो नळाखाली धरून पांढरा होईपर्यंत धुतला. तिसऱ्या दिवशी पाणी गढूळ झाले, मासे वर येऊन तोंड उघडू लागले आणि जुम्म्यापर्यंत चारही गेले. लेक दोन दिवस नीट जेवली नाही. मांजरीला बांधून उपाशी मारणाऱ्या बाईची हदीस मी मुलांना कितीदा सांगितली असेल. त्या रात्री ती मलाच आठवत राहिली. कोंडलेला जीव आपल्या हातात अमानत असतो. माझ्या हातून चूक कुठे झाली, हे मात्र तेव्हा कळले नव्हते.

या वेळी लेकीला म्हटले, "आधी फिल्टर समजून घे. मग टाकीचे बोलू." तिने सुट्टीभर वाचले आणि एका संध्याकाळी वही घेऊन मलाच शिकवायला बसली. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. एका प्रकारचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसऱ्या प्रकारचे त्याचे नायट्रेट. पहिले दोन्ही पदार्थ माशांना मारक. नायट्रेट त्या मानाने सौम्य, ते पाणी बदलून कमी करता येते. हे जिवाणू स्पंजवर, दगडांवर राहतात. "म्हणजे अम्मी," ती हळूच म्हणाली, "फिल्टर म्हणजे ती मोटर नाही. तो काळा स्पंजच फिल्टर होता."

नळाच्या क्लोरीनच्या पाण्याने मी घाण नव्हे, फिल्टरच धुऊन टाकला होता.

मग दुकान. दोन फूट लांब आणि एक-एक फूट रुंद-उंच टाकीत जेमतेम 50 लिटर पाणी. तेवढ्यासाठी दुकानदाराने मोठा कॅनिस्टर फिल्टर आणि प्रोटीन स्किमर पुढे ठेवला. दोन्हींच्या किमतीत आमचा महिन्याचा किराणा आला असता. वस्तू वाईट नव्हत्या. स्किमर खाऱ्या पाण्यात बारीक बुडबुडे सोडतो, विरघळलेली सेंद्रिय घाण त्यांना चिकटते आणि फेस होऊन वरच्या पेल्यात जमते. पण लेकीने हिशोब मांडला. दोनच छोटे मासे, खाद्य मोजून आणि दर आठवड्याला पाच लिटर पाणी बदलायचे. एवढ्याने स्किमरचे काम भागते. कॅनिस्टर हा बंद डबा. वारे सुटले की आमच्याकडे वीज तासन्तास जाते. डब्यातला ऑक्सिजन संपला की आतले जिवाणू मरतात आणि वीज आली की तेच सडके पाणी टाकीत येते.

शेवटी आम्ही एका मोठ्याऐवजी दोन लहान फिल्टर घेतले. एक टाकीच्या काठावर अडकवायचा, आत सिरॅमिकचे सच्छिद्र तुकडे भरलेला. दुसरा हवेवर चालणारा साधा स्पंज, त्याला वीज गेली की बॅटरीवर आपोआप सुरू होणारा एअर पंप. एक बंद पडला तरी दुसरा तारून नेईल.

मरजानचे स्वप्न मात्र लेकीने स्वतःच मिटवले. खडक बांधणारे प्रवाळ 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्याच यादीत. आपल्या मालवणच्या समुद्रातही प्रवाळ आहे. तिथे 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. "ते तिथेच राहू दे," ती म्हणाली. टाकीत सिरॅमिकचे सच्छिद्र खडक आले.

पाणी आरओचे, कारण बोअरचे पाणी जड. एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर वाया जाते. उन्हाळ्यात पाण्याची किंमत आम्हाला कोणी सांगायला नको. म्हणून ते पाणी बादलीत धरून फरशी पुसायला आणि कपड्यांना वापरतो. समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. स्वयंपाकाचे मीठ चालत नाही, खास मिश्रण मिळते. पाणी आटले तरी क्षार टाकीतच राहतात, म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याची. निफाड तालुक्यातल्या थंडीसाठी हीटर घेतला आणि एप्रिलसाठी छोटा पंखा.

पुढचे सहा आठवडे टाकीत एकही मासा नव्हता. लेक रोज चिमूटभर खाद्य टाकायची. ते कुजून अमोनिया झाला की जिवाणू वाढतात. दर दोन दिवसांनी ती पाणी तपासून आकडा वहीत लिहायची. दादी येता-जाता हसायच्या, "पोरी, पाणीच पाळलंस का गं?" खरे तर तसेच होते. अमोनिया चढला, उतरला. मग नायट्राइट चढले, उतरले. दोन्ही शून्यावर आल्यावरच दोन क्लाउनफिश आणले, समुद्रातून पकडलेले नव्हे तर पैदास केंद्रात वाढलेले.

जूनमध्ये एका रात्री वादळ झाले आणि सहा तास वीज नव्हती. काठावरचा फिल्टर थांबला. फजरच्या आधी उठून पाहिले तर लेक अंधारात टाकीपाशी बसलेली, एअर पंपाची बारीक घरघर चालू आणि दोन्ही मासे दगडाच्या आडोशाला शांत.

दर काही आठवड्यांनी स्पंज धुवायची वेळ येते. ते काम तिने मुद्दाम माझ्याकडे दिले आहे. टाकीतलेच पाणी बादलीत घ्यायचे, स्पंज दोनदा हलक्या हाताने पिळायचा. तो काळसरच राहतो. पूर्वी मला ते बघवले नसते. आता तसाच परत ठेवते.